ऊन आपले, भांडवल कोणाचे?



वसंत व्याख्यानमालेत संध्याकाळच्या वेळी बोलणे हे मोठे जोखमीचे काम आहे. दिवसभर उन्हाने भाजून निघालेला माणूस घटकाभर वाऱ्याला येऊन बसतो, तेव्हा ज्ञानेश्वरीवर, शिवचरित्रावर किंवा निदान एखाद्या विनोदी लेखकाच्या आठवणींवर काही कानी पडावे, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. ती आज पुरी होणार नाही. मी व्याजाच्या दराविषयी बोलणार आहे. आपल्या पत्रिकेत चालकांनी माझ्या विषयाचे नाव जरा भारदस्त छापले आहे: "कमी कर्बाच्या टिकाऊ अर्थव्यवस्थेसाठी गुंतवणूक". मला त्याचा साधा अर्थ सांगायचा आहे. दिवसभर ज्या उन्हाने तुम्हाला छळले, त्या उन्हाचा जमाखर्च कोणाच्या वहीत लिहिला जाणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

कर्ब म्हणजे कार्बन. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल हे सारे जमिनीखाली कोट्यवधी वर्षे पुरून राहिलेले कर्ब होत. ते आपण जाळतो आणि त्याचा वायू आकाशात सोडतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वीचे अंग तापत चालले आहे. पाऊस पडायचा तेव्हा पडत नाही आणि पडतो तेव्हा एका रात्रीत शेताची माती घेऊन जातो. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने जाहीर केले की, २०७० पर्यंत आपण जेवढा कर्ब सोडू तेवढा परत शोषून घेऊ.

आता यावर पाथर्डीचा माणूस विचारील, आणि त्याने विचारावेच, की हे पाप केले कोणी आणि प्रायश्चित्त कोणी घ्यायचे? कारखान्याच्या थळात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड्याने असा कोणता कोळसा जाळला आहे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मी प्रायश्चित्ताचा उपदेश करायला आलेलो नाही. जगाची वीज, जगाचे इंधन बदलत आहे, ते आपल्याला विचारून बदलत नाही. परंतु या बदलात अब्जावधी रुपये ओतले जात आहेत, आणि त्यांतले काही आपल्या माळावर येऊन पडणार आहेत. ते कसे पडतात, इकडे आपले लक्ष असले पाहिजे.

शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीजकेंद्र आपणा सर्वांना माहीत आहे. २०१३ च्या दुष्काळात ते बंद ठेवावे लागले. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते. कोळशाच्या विजेला कोळशाइतकेच पाणी लागते, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आली. दुष्काळी मुलखाने कोळशाच्या विजेवर विसंबावे आणि दुष्काळातच ती वीज जावी, असा हा प्रकार होता. उन्हाच्या विजेला पाणी लागते ते फक्त तावदाने धुण्यापुरते. दुष्काळी वर्षात ऊन कमी पडल्याची तक्रार आपल्या तालुक्यात अद्याप कोणी केलेली नाही.

मग ही वीज सर्वत्र आधीच का झाली नाही? इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. पूर्वी विहिरीवर डिझेलचे इंजिन बसवणारा शेतकरी इंजिनाला एकदा पैसे देई आणि तेलाला रोज देई. इंजिन घ्यायला स्वस्त, पोसायला महाग. विहिरीचे याच्या उलट. ती खणायची तर सावकाराचे उंबरठे झिजवावे लागतात, पण एकदा पाणी लागले की विहीर त्या पाण्याचे बिल पाठवीत नाही. कोळशाची वीज ही इंजिनासारखी आहे आणि उन्हाची वीज विहिरीसारखी. तिचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. पुढे पंचवीस वर्षे इंधन फुकट. सूर्य फुकट आहे. परंतु पहिल्या दिवशी जो पैसा लागतो तो फुकट नाही. म्हणून कर्ब कमी करण्याचा हा जो जागतिक प्रश्न आहे, तो शास्त्राचा जेवढा आहे तेवढाच व्याजाचा आहे. शास्त्राने आपले काम बरेच केले आहे. २०१० नंतरच्या दहा वर्षांत सौर तावदानांची किंमत पाचव्या हिश्श्याच्याही खाली आली. व्याजाने आपले काम केलेले नाही.

थोडा हिशोब मांडू. आकडे मी सोयीसाठी गोल धरतो. त्यांवरून कोणी निविदा भरू नये. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प घ्या. त्याला चार एकर जमीन आणि चार कोटी रुपये लागतात असे धरा. आपल्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला सोळा लाख युनिट वीज निघते. ती तीन रुपयांनी विकली, तर वर्षाचे उत्पन्न अठ्ठेचाळीस लाख. आता हे चार कोटी कर्जाऊ घेतले आणि वीस वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे ठरवले. व्याज बारा टक्के असेल, तर वार्षिक हप्ता येतो साडेत्रेपन्न लाख. म्हणजे प्रकल्प पहिल्याच वर्षी बुडाला. व्याज आठ टक्के असेल, तर हप्ता पावणेएकेचाळीस लाख. प्रकल्प तरला. सहा टक्के असेल, तर पस्तीस लाखांच्या आत. ऊन तेच, तावदाने तीच, जमीन तीच. मोठ्या कंपनीला स्वस्त पैसा मिळतो म्हणून तिला जे जमते, ते गावच्या माणसाला महाग पैशात जमत नाही. यात अकलेचा संबंध यत्किंचितही नाही.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूने पाहू. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, त्यासाठी गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडावेत, अशी तिची कल्पना. हेतू उत्तम आहे. रात्री दोन वाजता दारे धरायला जाणाऱ्याला साप आणि बिबट्या यांची जी भीती असते, ती या सभेत मी वर्णन करायला नको. आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही गावे पहिल्या प्रयोगाला निवडली होती. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यातला पहिला प्रकल्प, तीन मेगावॅटचा, २०२४ साली गोदावरीच्या पलीकडे वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी सुरू झाला. या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असे ठरले.

कोरडवाहू माळाला एकरी पन्नास हजार रुपये हे थोडे पैसे नाहीत. बाजरी काढून त्या जमिनीत तेवढे राहत नाहीत, हे उघड आहे. ज्याला हे भाडे मिळेल त्याने ते खुशाल घ्यावे. पण मघाचा हिशोब आठवा. चार एकरांचे भाडे दोन लाख. त्याच चार एकरांवरच्या विजेचे उत्पन्न अठ्ठेचाळीस लाख. आठ टक्क्यांनी चार कोटींचे पहिल्या वर्षाचे नुसते व्याज बत्तीस लाख. जमिनीला दोन आणि पैशाला बत्तीस! पैसा ज्याचा, त्याच्या घरी बत्तीस गेले. तो पैसा मुंबईचा असेल, सिंगापूरचा असेल, कदाचित तुमच्याच ठेवीचा असेल, जी तुम्ही पाथर्डीच्या बँकेत ठेवली आणि बँकेने दूरच्या कोणाला दिली. यात कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. ज्याने जोखीम घेतली त्याला मोबदला मिळाला. माझे म्हणणे एवढेच, की जी अर्थव्यवस्था आता येत आहे, तिच्यात उत्पन्नाचा मोठा भाग पहिल्या दिवशीच्या भांडवलाला मिळणार, आणि आपण फक्त जागेचे धनी राहिलो तर आपल्या वाट्याला जागेचे भाडेच येणार.

भांडवल कोणाच्या अटीवर येते याने माणसाचे आयुष्य कसे ठरते, हे पाथर्डीला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शिकवायला नको. "उचल" हा शब्द इथे घराघरात ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोचा कोयता सहा महिने बांधून द्यायचा. आता कारखाने बंद होऊन ही मंडळी परतली आहेत. तालुक्याचा बाजार त्यांच्या परतण्याने भरतो हे इथले व्यापारी जाणतात. साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडापासून वीज होते, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते, आणि ते कर्बाच्या दृष्टीने कोळशा-पेट्रोलहून बरे समजतात. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला देशाने गाठला. त्या वीस टक्क्यांत आपल्या तालुक्यातल्या कोयत्याचा किती वाटा आहे, याचा हिशोब कोणी मांडीत नाही. शिवाय ऊस पाणी पितो. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध घालावे लागले होते, हेही विसरू नये.

जमीन भाड्याने देण्याचा आपल्या जिल्ह्याला एक जुना अनुभव आहे. ब्रिटिश अमदानीत प्रवरा-गोदावरीचे कालवे झाले आणि त्यांच्यामागून साखर कंपन्या आल्या. श्रीरामपूरकडे हरेगाव, टिळकनगर येथे कारखाने उभे राहिले. त्यांना सलग ऊस हवा होता. शेतकऱ्याजवळ जमीन होती. पाटाचे पाणी आले तरी उसाला लागणारे भांडवल नव्हते. त्याने ठरावीक मुदतीसाठी जमीन खंडाने कंपनीला दिली. खंड वेळच्या वेळी मिळे, आणि त्या काळी तो त्याला बराच वाटला असणार. पुढे १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कंपन्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाने त्या कसायला घेतल्या. कायदा होता बड्या जमीनदारीविरुद्ध. पण ज्या लहान शेतकऱ्याने मुदतीने जमीन दिली होती, त्याला ती मुदत सरली तरी जमीन मिळेना. "खंडकरी शेतकरी" हे नाव आपल्या जिल्ह्याच्या राजकारणात पन्नास वर्षे गाजत राहिले. मोर्चे झाले, कोर्टकज्जे झाले, कायद्यात दुरुस्त्या झाल्या, आणि २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या. तोवर देणारे हयात नव्हते. घेणारे त्यांचे नातू होते.

आजच्या सौर भाड्याची या खंडाशी सरसकट तुलना केली, तर तो अन्याय होईल. आजचे करार लेखी आहेत, नोंदणीकृत आहेत, सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. तरीसुद्धा पंचवीस-तीस वर्षे हा फार मोठा काळ आहे. त्यात सरकारे बदलतात, कायदे बदलतात, कंपनी एकाची दुसऱ्याची होते. करारावर सही करण्यापूर्वी तो मराठीत करून घ्या, वकिलाला दाखवा, आणि मुदतीनंतर तावदाने, लोखंड व काँक्रीट उपटून जमीन मोकळी करून देण्याचा खर्च कोणाकडे, हे कलम त्यात आहे की नाही ते आधी शोधा.

त्याच कालव्यांच्या मुलखात दुसरी एक गोष्ट घडली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांनाच भागीदार करून कारखाना काढायचे मनात घेतले. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून मिळाला. वैकुंठभाई मेहता मुंबई सरकारात होते, त्यांची मदत झाली. विखे पाटील गावोगाव हिंडले आणि भाग गोळा केले. भागाचे पैसे मागायला गेलेल्याकडे लोक कसे पाहतात, हे आपण जाणतो. त्या काळी ज्याने कधी कंपनीचा कागद पाहिला नव्हता अशा शेतकऱ्याला हा माणूस आपले पैसे नेऊन काय करणार, असे वाटणे साहजिकच होते. शेतकऱ्यांच्या भागांवर सरकारचे भागभांडवल उभे राहिले, त्यावर औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्याचे भाग एकूण भांडवलाच्या मानाने थोडे होते. पण पहिला पैसा त्याचा होता, म्हणून मालकी त्याची झाली. आपल्या आदिनाथनगरचा वृद्धेश्वर कारखाना हे त्याच वंशातले अपत्य.

अर्थात सहकार म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. विजेच्या बाबतीतच आपल्या जिल्ह्याने एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९-७० च्या सुमारास निघाली. श्रीरामपूर, राहुरी भागातल्या खेड्यांत तिने घरोघर तारा नेल्या. देशातल्या पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी ती एक. परंतु घेतलेल्या विजेचे देणे साठत गेले, थकबाकी डोंगराएवढी झाली, आणि २०११ साली वितरणाचे काम महावितरणकडे गेले. सभासद हाच गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक हाच मतदार, मग बिल वसूल करणार कोण? सहकारी सौर प्रकल्प काढू म्हणणाऱ्याने लोणीबरोबर हाही धडा वाचला पाहिजे. एक फरक मात्र ध्यानात घ्या. मुळा-प्रवरेला हजारो गिऱ्हाइकांकडून पैसे गोळा करायचे होते. सौर प्रकल्पाला गिऱ्हाईक एकच, वीज कंपनी, आणि दर पंचवीस वर्षांच्या कराराने ठरलेला. वसुलीत हयगय व्हायला इथे जागा कमी आहे. मात्र त्या एका गिऱ्हाइकाने बिल सहा महिने रखडवले, तर संस्थेला श्वास घ्यायला गंगाजळी लागेल.

मग करायचे काय? २०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना आणली. तिच्या पहिल्या भागात शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती यांनी स्वतः अर्ध्यापासून दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प पडीक जमिनीवर काढावेत, अशी तरतूद केली. म्हणजे मार्ग सरकारने कागदावर आखला होता. पैशाचे बोला, असे तुम्ही म्हणाल. चार कोटींतले तीस टक्के स्वतःचे आणि सत्तर टक्के बँकेचे, असा साधारण नियम धरू. तीस टक्के म्हणजे एक कोटी वीस लाख. दहा हजारांचा एक भाग, असे बाराशे भाग. पाथर्डी शहरात आणि भोवतालच्या गावांत बाराशे घरे अशी निघणार नाहीत काय? शिक्षक आहेत, निवृत्त नोकर आहेत, कापडाचे-किराण्याचे दुकानदार आहेत. मोहट्याला, मढीला, भगवानगडाला या तालुक्यातली साधी माणसे श्रद्धेने जे देतात, ते पाहिले म्हणजे इथे पैसा नाही यावर माझा विश्वास बसत नाही. पैसा आहे; एकमेकांच्या हिशोबावर विश्वास नाही.

आणि तो नसावा, याला कारणे घडली आहेत. मी स्वतःची फजिती सांगतो. १९९० नंतरच्या काळात सागवान लागवडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. आज दोन हजार भरा, वीस वर्षांनी लाख घ्या. झाडे लावण्याचे पुण्य आणि वर लाख रुपये! मीही पाच हजार भरले. सुंदर हिरव्या कागदावर छापलेले प्रमाणपत्र मिळाले, त्यावर माझ्या नावाने अमुक इतकी झाडे असल्याचे लिहिले होते. ती झाडे कुठे आहेत हे विचारायला मी कधी गेलो नाही. कंपनी गेली, प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. अशा योजनांना आवर घालणारे नियम सेबीने १९९९ साली केले, तोवर मध्यमवर्गीयांचे बरेच पैसे जिरले होते. आज तेच हिरवे कागद नव्या नावाने येत आहेत. तुमच्या बांधावरच्या बांबूचे कार्बन क्रेडिट विकून देतो, आधी नोंदणी फी भरा, असे म्हणणारा दारी आला, तर त्याला चहा द्या आणि झाड न मोजता क्रेडिट कसे मोजणार ते विचारा. कर्बाच्या व्यापाराची योजना केंद्राने २०२३ साली अधिसूचित केली आहे हे खरे. पण तिच्या नावाने जो जो फिरतो तो तो तिचा गुमास्ता नव्हे.

सरकारी उत्तेजनानेही गुंतवणूक कशी वाकडी जाते, ते पवनचक्क्यांत दिसले. सातारकडे वनकुसवड्याच्या पठारावर, आपल्याकडे पारनेरच्या कवड्या डोंगरावर त्या उभ्या राहिल्या. त्या काळी पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी किमतीचा फार मोठा भाग, आधी शंभर आणि नंतर ऐंशी टक्के, घसारा म्हणून आयकरात वजा करता येई. त्यामुळे ज्यांना वाऱ्याशी काही देणेघेणे नव्हते, अशा नफेवाल्या उद्योगांनी मार्चअखेर चक्क्या घेतल्या. बक्षीस होते चक्की उभी करण्याला, फिरण्याला नव्हे! प्रत्यक्ष निघालेल्या युनिटवर उत्तेजन देण्याची पद्धत २००९ च्या अखेरीस आली. बाराशे भागधारकांनी आपल्या संचालकांचे मानधन ठरवताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणखी एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. "पडीक" जमीन म्हणून जिचा उल्लेख होतो, ती सर्वांनाच पडीक नसते. गर्भगिरीच्या उतारावरच्या माळावर मेंढ्या चरतात, भूमिहीनाच्या चार शेळ्या चरतात. गायरानावर तावदाने बसली आणि कुंपण पडले की त्या शेळ्या कुठे जाणार? ज्या ग्रामसभेत ठराव होतो ती जर पौषात भरली, तर अर्धे गाव फडावर असते. ठराव कायदेशीर होईल. न्यायाचा होणार नाही. असली ग्रामसभा चैत्रानंतर घ्यावी, आणि ज्यांची चराई जाणार त्यांना एखादा भाग तरी संस्थेने आपल्या खर्चाने द्यावा, असे माझे मत आहे. पुष्कळांना ते पटत नाही.

सर्व गुंतवणूक विजेतच करायची असते असेही नव्हे. नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले, तेव्हा ते गाव पाण्यासाठी आणि रोजगारासाठी बाहेर पडणारे गाव होते. त्यांनी डोंगरावर समपातळीचे चर खोदले, बांध घातले, झाडे राखली. कुऱ्हाडीला आणि मोकाट चराईला बंदी केली. हे इतरांनीही केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढे आहे. पाणी आले तेव्हा त्यांनी ऊस लावला नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असे ठरवले. दरवर्षी पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजून पाण्याचे अंदाजपत्रक करतात आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवतात. गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली, पण मला तिच्याहून ते अंदाजपत्रक मोठे वाटते. भांडवल उभे करणारे पुष्कळ. उभे केलेले भांडवल न खाणारे थोडे.

या मातीच्या गुंतवणुकीला पासबुकात व्याज जमा होत नाही, म्हणून तिला खाजगी पैसा मिळत नाही. तिला समाजाने पैसा द्यावा लागतो. आणि गंमत अशी की शहरातला नोकरदार तो देत आलेला आहे. तुमच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, त्याचा कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा हवा होता, त्यासाठी हा कर बसवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये, पण त्यातून या महाराष्ट्रात किती पाझर तलाव आणि किती बांध झाले! दर महिन्याला पगारपत्रकावर ती कपात पाहून आपण कुरकुरतो, आणि आपण कशाचे भागीदार आहोत हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

बोलता बोलता माझ्या हाती एक चिठ्ठी आली आहे. चिठ्ठीत विचारले आहे: "तुमच्या दहा हजारांवर व्याज किती सुटेल, आणि ते बुडणार नाहीत याची हमी कोण घेईल?" चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ व्यापारी असावेत, प्रश्न अचूक आहे.

उत्तर देतो. दोन कोटी ऐंशी लाखांचे कर्ज, आठ टक्के, वीस वर्षे. हप्ता साडेअठ्ठावीस लाख. भाडे दोन लाख. राखण, विमा, दुरुस्ती सहा लाख धरा. अठ्ठेचाळीसमधून हे गेले, की साडेअकरा लाख उरतात. एक कोटी वीस लाखांवर ते शेकडा साडेनऊ होतात. परंतु एवढे वाटू नयेत. तावदाने वर्षागणिक थोडी थोडी निस्तेज होतात, दहाबारा वर्षांत इन्व्हर्टर बदलावा लागतो, कर आहे, गारपीट आहे, वीज कंपनीचे रखडलेले बिल आहे. आरंभीच्या वर्षांत शेकडा सहा हातात पडले तर संचालकांनी काम नीट केले असे समजा. कर्ज फिटल्यानंतरची पाच वर्षे खरी कमाईची.

हमी कोणी घेणार नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आपल्या जिल्ह्यात पुष्कळांना फार उशिरा कळले. आणि भागाला तर तो कधीच नसतो. भाग म्हणजे मालकी, आणि मालकाला हमी कोण देणार? म्हणून ज्यांच्या घरी वर्षभरात लग्न आहे, ज्यांचे औषधपाणी ठेवीच्या व्याजावर चालते, त्यांनी हे पैसे घालू नयेत. ज्यांना दहा हजार रुपये दहा वर्षे विसरता येतील, आणि दर तीन महिन्यांनी जाऊन मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची आठवण मात्र राहील, अशा बाराशे माणसांची मला गरज वाटते. सागवानाच्या वेळी मी पहिली अट पाळली होती, दुसरी पाळली नव्हती.